नंदाताईचा हात आणि माझ्या रॅकेटी

आमच्या घरात रॅकेट आधी आली, तिचं नाव मागाहून कळलं. वर्ध्याच्या आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगावर ती पडली होती. लाकडाची, चार कोपऱ्यांना चार पेच असलेल्या चौकटीत आवळलेली. ही कशाची वस्तू हे कबाडीवाल्यालाही सांगता येईना. माय चौकटीकडे बघून म्हणाली, "उंदराचा पिंजरा दिसते बावा." मी हट्टानं तो पिंजरा घरी आणला. दोन दिवस तो चुलीमागच्या खुंटीला टांगलेला होता. तिसऱ्या दिवशी नंदाताई कॉलेजातून आली, तिनं पेच सैल केले, आतली वस्तू बाहेर काढून मुठीत धरली आणि अंगणात जाऊन हवेत एकदा फिरवली. "टेनिसची हाय हे," ती म्हणाली. "आमच्या कॉलेजात खेळतात पोट्टे. चौकट लाकूड वाकू नये म्हणून रायते." तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती आणि मी दहावीत.

बाबा रेल्वेत गँगमन होते. सिंदी स्टेशनापासून थोड्या अंतरावर, लायनीच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. मालगाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणत, आणि माय बोलणं न थांबवता फक्त आवाज चढवी. गाडी निघून गेल्यावरही तिचा आवाज थोडा वेळ चढलेलाच राही, त्यामुळे पाहुण्यांना वाटे ही बाई भांडून राह्यली. सकाळी ज्वारीची भाकर आणि चून, म्हणजे पिठलं, संध्याकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी. कधी पातोडीची भाजी झाली की वास तीन क्वार्टरांपर्यंत जाई आणि कोणी ना कोणी वाटी घेऊन दारात येई. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या खालच्या फळीवर ताईची पुस्तकं. बाबांना सहीपुरतं लिहिता येई, मायला तेही नाही. ताई आमच्या घराण्यातली पहिली दहावी पास, पहिली बारावी पास, आणि रोज गाडीनं वर्ध्याला कॉलेजात जाणारी पहिलीच. ती वाचायला बसली की माय भाकर थापायचीसुद्धा हळू. घरात एक पदवीधर होणार हे ठरलेलं होतं, आणि ती ताईच होणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

त्या लाकडी रॅकेटीनं मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. दुसरी मुलं पतंग, कंचे गोळा करत. मला रॅकेटी दिसू लागल्या. दुसरी सापडली ती पोलादाची, गोल तोंडाची, एका निवृत्त गार्डाच्या मोरीत नळाला टेकून ठेवलेली. तिसरी ॲल्युमिनियमची, कोणा साहेबाच्या बदलीत मागे राहिलेली. चौथी लहान मुलाची, दांड्याला पट्टी नसलेली. दोन वर्षांत माझ्याकडे अकरा झाल्या. तारा कुणाच्याच धड नव्हत्या. तुटक्या तारांच्या रॅकेटीनं चेंडू आरपार जातो, म्हणून मी करीमचाचाकडे गेलो.

करीमचाचा पिंजारी होता. स्टेशनाकडून बाजाराकडे जाताना उजव्या हाताला त्याची खोली. छतापासून दोरीनं टांगलेली त्याची मोठी कमान, तिच्यावर आतड्याची ताणलेली तात, आणि लाकडी ठोकळ्यानं त्या तातेवर तो मारायचा तेव्हा उडणारा कापूस. ट्यांव, ट्यांव, ट्यांव. दसऱ्यानंतर थंडीची चाहूल लागली की तो आवाज दिवसभर चाले, कारण सगळे जण गाद्या-रजया घेऊन येत. त्याच्या भुवया कायम पांढऱ्या. माझी रॅकेट हातात घेऊन तो खूप हसला. "ये तो कमान की बच्ची है बे राजू," तो म्हणाला. कमानीची जाड तात रॅकेटीच्या भोकांतून जाईना, म्हणून तो पातळ दुपदरी तात वळून देऊ लागला. तो ओढायचा आणि मी भोकात आरी खुपसून ती निसटू नये म्हणून धरून ठेवायचो. प्रत्येक तार ओढली की तो तिला नखानं छेडून कान जवळ नेई. "बोली," म्हणे, आणि पुढची घेई. बोलली नाही तर पुन्हा ओढी. तार बसली की नाही हे ओळखायची त्याची ती एकच रीत होती, आणि मी तीच शिकलो.

खेळायला जागा होती जिनिंगच्या आवारात. कापसाचा हंगाम संपला की गंज्या लावायचा तो मोठा सिमेंटचा ओटा पावसाळाभर रिकामा असे. चौकीदार बाबांच्या ओळखीचा. आम्ही जुना बारदाना शिवून जाळं केलं, दोन बल्ल्यांना बांधलं. चेंडू टक्कल पडलेले, ओल धरून जड झालेले. मला रॅकेटी हव्या होत्या, आणि रॅकेट कशी आहे ते कळायला समोर कोणीतरी हवं होतं, म्हणून मी ताईला ओढत नेलं. खरं सांगायचं तर खेळात माझा जीव नव्हता. चेंडू लागल्यावर हातात काय येतं त्यात माझा जीव होता. लाकडी रॅकेटीवर चेंडू क्षणभर तळहातावर बसल्यासारखा बसतो आणि मग जातो. पोलादी त्याला बसू देत नाही, फेकून देते. ॲल्युमिनियमची चेंडू गेल्यावरही घंटेसारखी थरथरत राहते. हे मी वहीत लिहून ठेवत असे. दहा फटके झाले की मी ओरडायचो, "आता हे घे!" आणि जाळ्याखालून दुसरी सरकवायचो.

"माह्या हाताले एका घरात तं बसू दे ना रे," ताई वैतागून म्हणायची. "दर दहा मिनिटाले नवं सासर कायले दाखवतं?"

पण खेळायची तीच. चार घरचं पाणी हापशावरून भरलेला तो हात होता. चेंडू आला की ती मागे सरायची, खांदा वळवायची, आणि बारदानाच्या बोटभर वरून तो असा जायचा की ओट्याच्या कडेची धूळ उडायची. चौकीदार खाटेवरून उठून बसायचा आणि म्हणायचा, "अवं पोट्टे, भीत पाडशीन जिनिंगची!" ती हसायची आणि पुढचा आणखी जोरात मारायची. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी तिला एकदाच खेळताना पाहिलं आणि तिचं नाव लिहून घेतलं. मुलींच्या संघात दोनच मुली होत्या.

ताई तिसऱ्या वर्षाला असताना आष्टीकडचं एक स्थळ आलं. मुलगा शेती करणारा, निर्व्यसनी, लोक सरळ. बाबांना घाई झाली. त्यांच्या गँगमधल्या सगळ्यांच्या मुली उजवल्या होत्या. हे ऐकून ते क्रीडाशिक्षक, आम्ही त्यांना सरच म्हणू, एका रविवारी गाडीनं सिंदीला आले. आमच्या घरी आलेले ते पहिले प्राध्यापक. मायनं शेजारून कपबशी आणली. सर बाबांना म्हणाले, "विद्यापीठाच्या संघाची निवड आहे दसऱ्यानंतर, नागपूरला. ही येईल असं मला वाटतं. संघातून खेळली तर पुढे रेल्वेत खेळाडूंच्या जागा असतात, तिथे अर्ज करता येईल." रेल्वे हा शब्द ऐकून बाबा ताठ बसले. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "ठीक हाय साहेब. संघात आली तं शिकू द्या तिले, बी.ए. बी होऊ द्या, नौकरी बी करू द्या. मी पाहुन्याले नाई म्हनतो. नाई आली तं दिवाळीनंतर लगन. मंग मले कोनी काई म्हनाचं नाई."

बाबा शब्दाचे पक्के होते. ते दोन्हीकडून शब्द पाळतील हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताई दारामागे उभी होती. सर गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "राजू, आता खेळ नाई करायचा. एकच रॅकेट पायजे मले."

ती एकच रॅकेट चार दिवसांत चालत आली. वर्ध्याच्या एका डॉक्टरबाई कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी खेळत. त्यांनी नवीन घेतली आणि जुनी ताईला देऊन टाकली. काळी, कार्बनची. तशी मी फक्त वर्तमानपत्रात पाहिली होती. उचलली तर हातात काही आहे असं वाटेना, आणि वाकवू गेलं तर केसभर वाकेना. तारा तेवढ्या तुटलेल्या. तिच्या मानेवर आतल्या बाजूनं बारीक अक्षरात, तारा किती वजनाच्या ताणानं बसवाव्यात त्याचे आकडे छापलेले होते. ते मी वाचले. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मी अनेक वर्षं स्वतःला सांगत राहिलो की मला काही माहीत नव्हतं.

"हे करीमचाचाकडे नको देऊ," ताई म्हणाली. "सर म्हनत होते, नागपूरले मशीनवर कसतात. तूच जाजो. बाबाच्या पासावर जाता येते तुले."

मी नागपूरला गेलो. सरांनी कागदावर दुकानाचा पत्ता लिहून दिला होता, तो मी बरोबर शोधला. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मी ते दुकान बघितलं. पुढची सगळी बाजू काचेची. आत थंड उजेड, भिंतीवर रांगेनं रॅकेटी, इतक्या की माझ्या अकरा मला एकदम लाजिरवाण्या वाटल्या. एक माणूस मुलीला घेऊन आत गेला. दाराशी त्यानं काही केलं आणि ते उघडलं. मला दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना. मुठीचा दांडा नव्हता. आतला पोरगा माझ्याकडे बघत होता. माझ्या पायात स्लीपर, रॅकेट मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मी रस्ता ओलांडून काचेपर्यंत गेलो, काचेत मला मी दिसलो, आणि मी तसाच पुढे चालत गेलो, जणू माझं काम पुढच्या दुकानात होतं. कोपऱ्यावरून परत आलो. पुन्हा तसंच. तीनदा असं केलं. मग स्टेशनावर जाऊन बसलो आणि मिळाली त्या गाडीनं सिंदीला परतलो.

घरी गेलो नाही. सरळ करीमचाचाकडे गेलो. काळी रॅकेट बघून त्यानं हात लुंगीला पुसले. "किसकी है?"

"ताईची. निवड हाय तिची नागपूरले."

"कितनी कसूं?"

आकडे पौंडात होते. जिनिंगच्या फाटकाशी स्प्रिंगचा काटा टांगलेला असे, कापसाचं बोचकं जोखायचा. ताण किती ते मोजायची सोय शंभर पावलांवर होती. पण मला वाटत होतं की मशीन जे करते त्याच्याहून चाचानं सरस करावं, म्हणजे मी आत न गेल्याचं काही वाटणार नाही. मी म्हणालो, "बसन तितकी कस, चाचा."

चाचानं दुपारभर ती विणली. लाकडी चौकट इतका ताण घेत नसे, कुरकुरायची, मग तो थांबायचा. ही कुरकुरलीच नाही. तो ओढत गेला, तार छेडत गेला, आणि शेवटी सगळ्या तारांवरून नख फिरवलं तेव्हा असा स्वच्छ, उंच आवाज निघाला की त्यानं तो दुसऱ्यांदा काढून ऐकला. "ऐसी तो मेरी कमान भी नहीं बोलती," चाचा म्हणाला. "नंदा को बता देना, मेरे हाथ की है."

मी घरी जाऊन ताईला म्हणालो, "नागपूरहून आनली."

आज मला त्यातली चूक अगदी साधी दिसते. चाचाची कमान छताला टांगलेली असे. तातेवर कितीही मारा, तिचा हिसका दोरी घेई, चाचाच्या हाताला तो कधी कळलाच नव्हता. रॅकेटीला दोरी नसते. तिचा सगळा हिसका कोपरात जातो. चाचाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं, कारण कोणती रॅकेट हाताला काय करते ते मी दोन वर्षं वहीत लिहीत होतो.

भादव्यात पाऊस उघडला तसा रोज सकाळी सराव सुरू झाला. चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा जायचा. ताई पहिल्या दिवशी हरखली. चौथ्या दिवशी तिनं फटका मारून रॅकेट डाव्या हातात घेतली आणि उजवा हात झटकला. "कोपरात कळ येते रे."

"नवी हाय ना. सवय होईन."

आठव्या दिवशी भाकर थापताना तिच्या हातातून उंडा निसटला. मायनं हळद-मीठ गरम करून कोपराला बांधलं, रात्री बाबांनी मोहाचं तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई म्हणाली, "राजू, लय कसली तं नाई ना रे हे? जुन्या रॅकेटीनं असं नव्हतं होत." मी ओट्यावर बसून बुटाची लेस बांधत होतो. तेव्हा सांगितलं असतं तर निवडीला अकरा दिवस होते. तारा कापून टाकता आल्या असत्या, कॉलेजची जुनी रॅकेट घेता आली असती, हाताला आराम मिळाला असता. मी म्हणालो, "मशीनवरची हाय ताई. मोठे खेळाडू अशीच वापरतात. तुह्याच हाताले सवय नाई." तिनं मान हलवली. तिनं विश्वास ठेवला. रॅकेटीतलं मला जास्त कळतं असं ती सगळ्यांना सांगत असे.

निवडीला आम्ही पहाटेच्या गाडीनं गेलो, बाबा, ताई आणि मी. बाबांनी लग्नात घालायचा पांढरा सदरा घातला होता. मायनं डब्यात तिळाची चटणी आणि भाकरी दिल्या होत्या, त्या तशाच परत आल्या. मैदानावर मुली गाड्यांतून उतरत होत्या. एकेकीकडे दोन-दोन रॅकेटी. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या चांगल्या रॅकेटी एकत्र पाहिल्या, आणि एकीकडेही नीट बघू शकलो नाही.

पहिले चार डाव ताईनं घेतले. सर मुठी वळून उभे होते. बाबांना गुण मोजता येत नव्हते, ते दर वेळी माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवली की त्यांच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. पाचव्या डावात तिनं चेंडू वर फेकला, हात वर नेला, आणि तो तिथेच थांबला. रॅकेट तिच्या मागे जमिनीवर पडली. तिनं उचलली. पुढचा चेंडू आला, तिनं मारला, रॅकेट पुन्हा पडली. ती उचलायला वाकली तेव्हा बोटं मिटत नव्हती. समोरची मुलगी थांबून बघत राहिली. निवड करणाऱ्या दोघांपैकी एक बाई कागदावर काही लिहून पुढच्या नावाकडे गेल्या.

सर धावत आत गेले. त्यांनी ताईचं कोपर दाबलं तशी ती किंचाळली. मग त्यांनी रॅकेट उचलली आणि तारांवर अंगठा रोवला. त्यांचा चेहरा बदलला. "कुणी विणली ही?" त्यांनी विचारलं. "त्या दुकानात तर अशी करत नाहीत. रॅकेट चुकीची होती असं असेल तर मी आत्ता जाऊन निवड करणाऱ्यांशी बोलतो. दुसऱ्यांदा बघायला सांगतो हिला, पंधरा दिवसांनी."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. माझ्या तोंडात शब्द तयार होता, करीमचाचा. मग ते काचेचं दार सांगावं लागलं असतं, बाबांच्या पासावर जाऊन नुसता फिरून आलो हे सांगावं लागलं असतं, ताईला दिलेलं उत्तर सांगावं लागलं असतं.

"नागपूरहूनच विनून आनली सर," मी म्हणालो.

सरांनी तारांवरचा अंगठा काढला. रॅकेट त्यांनी बाजूला ठेवली. "मग काय बोलणार," ते म्हणाले. "हात कच्चा निघाला पोरीचा." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. फार वाईट वाटून म्हटलं. ताईनं ते ऐकलं आणि ओढणी कोपराभोवती गुंडाळून घेतली.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या वाटेवर ते इतकंच म्हणाले, "तुह्याच्यानं होईन तितकं तू केलं बाई." काळी रॅकेट सरांनी डॉक्टरबाईंना परत केली. माझ्या संग्रहात ती नाही.

दिवाळीनंतर लग्न झालं. विहाराच्या अंगणात मांडव, बुंदी, वांग्याची भाजी. करीमचाचानं नवी गादी भरून दिली आणि गर्दीत मला बाजूला घेऊन विचारलं, "जीती थी क्या नंदा? किसी ने बताया नहीं." मी म्हणालो, "हात दुखला तिचा." तो हळहळला. त्याच्या मनात काही आलं नसेल असं मी तेव्हा धरून चाललो. तो त्यानंतर तीन-चार वर्षांनी गेला. मला त्याला काही सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

सासरी जाताना ताईनं तिच्या वह्या माझ्या हातात दिल्या. दोन वर्षांची टिपणं, तिरप्या अक्षरात, महत्त्वाचं लाल शाईनं. "मले आता काय कामाच्या? तू शिकजो," ती म्हणाली. मी त्याच विषयांना प्रवेश घेतला आणि त्याच टिपणांवर बी.ए. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी मायनं लाईनीतल्या सगळ्या क्वार्टरांत साखर वाटली. पुढे मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, वर्ध्याला लागून सिंदी मेघ्यात घर झालं, मुलं शिकली. या सगळ्याबद्दल मी रोज कृतज्ञ असतो, माय-बाबांबद्दल, त्या सरांबद्दल, आणि सगळ्यांत आधी ताईबद्दल. पण तिच्याविषयीची कृतज्ञता मला सुखानं बाळगता येत नाही. रॅकेटी मात्र मी गोळा करतच गेलो. आता भिंतीवर चाळीसच्या वर आहेत. बघायला येणारे विचारतात, हा छंद कसा लागला. मी बाजारातल्या उंदराच्या पिंजऱ्याची गोष्ट सांगतो, ते हसतात, आणि मी तिथेच थांबतो.

ताईचा संसार चांगला झाला. भाऊजी खरोखर सरळ माणूस. पण तिचा उजवा हात पुन्हा धड झाला नाही. कापूस ती डाव्या हातानं वेची. घागर उचलायची वेळ आली की भाऊजी न बोलता पुढे होत. तिची मुलगी प्रज्ञा दहावीत असताना मी आष्टीला गेलो होतो. शाळेच्या बाईंनी प्रज्ञाचं नाव व्हॉलीबॉलच्या जिल्हा निवडीसाठी दिलं होतं, वर्ध्याला तीन दिवस जायचं होतं, आणि ताई नाही म्हणत होती. प्रज्ञा रडून रडून खोलीत झोपली होती.

"जाऊ दे ना तिले," मी म्हणालो. "माह्या घरीच राहीन. मामाचं घर तं हाय."

"कायले?" ताई सुपातली ज्वारी निवडत होती, डाव्या हातानं. "आपल्या घरच्या पोरींचे हात कच्चे असतात राजू. माह्यं झालं ना? भर मैदानात रॅकेट पडली. इतके लोक पाह्यत होते. तिले कायले पाठवू हसं करून घ्याले?"

सोळा-सतरा वर्षं ती हे मानत आली होती, आणि आता मुलीलाही सांगत होती. मी तिथेच ओसरीवर बसून सगळं सांगितलं. दुकान, काच, तीनदा पुढे जाऊन परत येणं, करीमचाचा, मानेवरचे आकडे, सरांना दिलेलं उत्तर. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. मी थांबलो तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो माझ्या कल्पनेतला नव्हता.

"दुकानात गेला काऊन नाई?"

"भेव वाटलं. दार उघडता येत नव्हतं."

"दारच होतं ना रे," ती म्हणाली. "ढकलाचं होतं."

 कोंबड्या निवडलेल्या ज्वारीत शिरल्या, तिनं हाकलल्या नाहीत. मी माफी मागू लागलो तर तिनं डावा हात वर केला. "मले वाटे माह्यातच काई कमी होतं," ती म्हणाली. "सासूनं एखादं काम सांगतलं की मी आधीच म्हनो, माह्या हातानं नाई होनार. आधीच म्हनो मी. बाबा मरेपर्यंत माह्याकडं पाहून हळहळले. त्यायले तरी सांगाचं होतं तू." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ती उठली, आत गेली, आणि मला ऐकू आलं, "ऊठ वं प्रज्ञे. बाईले सांगजो, निवडीले येतो म्हून." बाहेर येऊन मला म्हणाली, "जेवून जा." तिनं वाढलं. मी जेवलो. वरण, भाकर, कांद्याची पात. ती समोर बसली नाही.

निवड व्हायची होती ते मैदान माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर. मी भाऊजींना फोन केला, प्रज्ञाची गाडी किती वाजता पोचते, घ्यायला येतो. भाऊजी अडखळले. "नंदानं शाळेच्या बाईच्या बहिनीकडं सोय केली तिची," ते म्हणाले. "तुमी काई वाटून नोका घेऊ." ती संघात आली हेही त्यांनीच कळवलं.

प्रज्ञा तीन दिवस वर्ध्यात होती. माझ्या बायकोला मी काही सांगितलेलं नव्हतं. भाची गावात आहे म्हणजे एखाद्या वेळी तरी मामाकडे येईलच, असं धरून ती तिन्ही संध्याकाळी तिच्या वाटची भाकर टाकत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिळी भाकर मी चहासोबत खात होतो.